दंडाची मुदत

राजदंड भोगून मोकळा झालेला अपराधी पुण्यवंताइतकाच निर्मळ होऊन स्वर्गास जातो, असा निर्वाळा मनूने आठव्या अध्यायात दिला आहे. त्याच्या दंडविधानातील वर्णागणिक तफावत विवेकी मनुष्यास मान्य होण्याजोगी नाही. तथापि दंडाला शेवट असतो, एवढी गोष्ट मात्र, स्वतःस सुधारलेले म्हणवीत असताही, आपण मानावयास तयार नसतो.

याचा प्रत्यय दवाखान्याच्या खिडकीशी येतो. तीव्र वा घातक व्याधीने ग्रासलेल्या कैद्यास त्याच्या इच्छेविरुद्ध सोडू नये, वैद्यकीय अधिकाऱ्याने सुटका निर्धोक ठरवीपर्यंत तर नाहीच, अशी तरतूद १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या २६ व्या कलमात परक्या सरकारने केली. दया खरी, पण तिची हद्द फाटकापर्यंत! देह ताब्यात असतो तोवर जबाबदारी. ताबा सुटला की तीही दफ्तरातून खारीज. धाराशिवच्या कारागृहातून सुटून कळंब-परंड्याकडे निघालेला क्षयरोगी डोळ्यांपुढे आणावा. साधा क्षयही किमान सहा महिने नियमित औषध मागतो, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, परंतु आतल्या उपचाराचा कागद त्याच्याबरोबर आला नाही, तर केसपेपर काढताना “इतके दिवस औषध कुठे घेत होतास?” या निरुपद्रवी प्रश्नास चारचौघांत उत्तर देण्यापेक्षा खोकला सोसलेला बरा, असे त्यास वाटल्यास नवल नाही.

याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांनी, शपथ मोडली म्हणून, आपले हात आपणच तोडून घेतले; आणि कीर्तनाच्या रंगात ते हात त्यांना परत मिळाले, अशी कथा आहे. टाळी वाजविण्यासाठी मिळाले, असे भाविक म्हणतात. मला वाटते, ज्या कुंभाराचे पोट चिखल आणि चाक यांवर, त्याला प्रायश्चित्त संपल्यावरही थोटा ठेवणे खुद्द विठ्ठलासही प्रशस्त वाटले नसावे.

निरपराध गरिबालाच जिथे औषधासाठी खेटे घालावे लागतात, तिथे या सुटलेल्याचे कौतुक कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. पण गरिबाच्या हालाची भरपाई कैद्याच्या हालाने होत नाही. शिवाय दाटीच्या बराकीत दुखणे जडले असेल, तर ते कोणत्याही निकालपत्रात फर्मावलेले नव्हते. सुटकेच्या दाखल्याबरोबर उपचाराचा कागद हाती द्यावा, गावच्या आरोग्य केंद्रास आगाऊ कळवावे, आणि त्या कागदावर तुरुंगाचे नाव ठळक छापू नये. यास नवा कायदाही लागत नाही.