दुसरी पिढी

(मननासाठी शास्त्रपाठ : यहोशवा ४:१–७; शास्ते २:७–१०)



पोलादपूरच्या डोंगरात वसलेले उमरठ हे गाव आमच्या कित्येक वाचकांनी पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी त्याचे नाव तरी ऐकिलेच असेल. सुभेदार तानाजी मालुसरे यांचे हे गाव. इ. स. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर ते पडले, आणि मढेघाटाने त्यांचा देह खाली कोकणात याच गावी आणिला, असे परंपरा सांगते. त्यांची व शेलारमामांची समाधी येथे आहे. काही काळापूर्वी आम्ही तेथे गेलो असता गुरांमागे फिरणारा आठनऊ वर्षांचा एक मुलगा समाधीपाशी भेटला. 'ही कोणाची समाधी रे, बाळा?' एवढेच आम्ही विचारिले. झाले! रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन तानाजी निघाले तेथपासून आरंभ करून गडावरचे दोर कापिले जाईपर्यंतची सारी कथा त्याने एका दमात सांगितली. गुरे कोणाच्या शेतात शिरली याचेही त्यास भान राहिले नाही. 'हे तुला कोणी शिकविले?' असे विचारिता तो म्हणाला, 'शिकवलं न्हाय कुनी. आजा सांगतो.'

त्या दिवशी परत येताना यहोशवाच्या पुस्तकातील चौथा अध्याय आमच्या मनातून जाईना. इस्राएल लोक यार्देन ओलांडून आले तेव्हा नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणण्याची आज्ञा झाली, व ते गिलगाल येथे उभे करण्यात आले. कशासाठी? पुढे मुले विचारतील की, या धोंड्यांचा अर्थ काय. तेव्हा बापांनी त्यांस सांगावे म्हणून. धोंडा स्वतः काही बोलत नाही. तो मुलाच्या तोंडून प्रश्न काढितो, आणि उत्तर देण्याचे काम घरच्या वडील माणसाकडे येते. देवाने ही योजना किती साधी ठेविली आहे पाहा! तीत इमारत नाही, वर्गणी नाही, पाटीपुस्तकही नाही.

आता शास्त्यांच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. यहोशवा निवर्तला, परमेश्वराची कृत्ये ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती ते वडीलही निवर्तले, आणि त्यांच्या मागून जी दुसरी पिढी उठली तिला परमेश्वराची ओळख नव्हती व त्याने इस्राएलासाठी काय केले हेही ठाऊक नव्हते. गिलगालचे धोंडे कोणी चोरून नेले, असे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. धोंडे असतील, सांगणारा मुका झाला असेल. बंधुजनहो, एकाच पिढीत हे घडले. आमच्या महाड-पोलादपूर भागात, जेथे वाडीवस्तीवर ख्रिस्ती घर एखाददुसरे, तेथे हे घडावयास तर एक पिढीही लागणार नाही.

येथे आमचाच एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. एका शब्बाथशाळेची देखरेख काही वर्षे आमच्याकडे होती. मुले वाढावी म्हणून आम्ही हजेरीला बक्षीस ठेविले, वचन पाठ करणारास वही व पेन्सिल ठेविली, नाताळात नाटक बसविले, वनभोजन केले. मुले वाढली आणि आम्ही अहवालात आकडा मोठ्या आनंदाने लिहिला. एके रविवारी आम्ही एका मुलीस विचारिले, 'बाळे, तू एवढी वचने पाठ म्हणतेस, ती तू देवापाशी कधी बोलतेस का?' ती गोंधळून म्हणाली, 'देवाला कशाला म्हनायची? गुरुजींना म्हनून दाखवायची ना?' तिचे काय चुकले? आम्ही तिला जे शिकविले तेच तिने सांगितले. तिची सारी वचने आमच्यापाशी येऊन थांबत होती. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

नाटक, गाणे, खेळ, खाऊ ही वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. लहान मूल हसत देवाच्या घरी यावे, यात वावगे काय? परंतु शेतकऱ्यास विचारा. पेरणीच्या दिवशी बैलांची शिंगे रंगविली, नांगराला हळदकुंकू लाविले, आणि बियाण्याचे पोते घरीच राहिले, तर भाद्रपदात बांधावर उभे राहून तो काय पाहील?

आमच्याच नदीच्या तोंडाशी घडलेली एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. सावित्री महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर व महाड यांवरून वाहत बाणकोटास समुद्रास मिळते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या बाणकोटास व जवळच्या हर्णैस इ. स. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी काम आरंभिले. त्यांतील पहिले रेव्ह. डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी मरण पावले. मागून आलेल्यांनी काम सोडिले नाही. गावोगाव मुलांच्या, आणि त्या काळी ज्याची कल्पनाही कोणास नव्हती अशा मुलींच्याही, शाळा उघडिल्या. पुढे मुंबईत मोठे नाव झालेले डॉ. जॉन विल्सन हे १८२९ साली आले तेव्हा मराठी शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर राहिले होते. त्या शाळांत शास्त्रातील पाठ वाचविले जात. परंतु ख्रिस्ती शिक्षक आणावयाचे कोठून? तेव्हा बहुतेक पंतोजी हिंदूच असत. ते प्रामाणिकपणे धडा घेत, मुले प्रामाणिकपणे पाठ म्हणत. पण जे वचन पंतोजीच्या ओठांवर होते ते त्याच्या घरात नव्हते, आणि त्याला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार कोणास होता? काही वर्षांनी मिशनरी पुणे-मुंबईकडे गेले, आणि एवढ्या शाळांमागे त्या किनाऱ्यावर मोठी मंडळी उभी राहिलेली दिसली नाही.

म्हणून ते श्रम फुकट गेले असे कोणी म्हणू नये. या कोकणात कित्येक घरांत अक्षर प्रथम त्या शाळांनी नेले. शिवाय शाळेत पेरलेले बी कोठे उगवेल हे कोण सांगू शकेल? 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावास मिशनच्या शाळेत शिकले. कित्येक वर्षे त्यांच्या मनात झगडा चालला. आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि जे काम देव कधी कधी शाळेकडून करून घेतो, ते आम्ही आमच्या घरून टाळावे आणि शाळेवर सोपवावे, असा याचा अर्थ होत नाही. आज आमच्या उपदेशकांस बाणकोटच्या मिशनऱ्यांची अडचण नाही. आमच्या शब्बाथशाळांत शिकविणारे ख्रिस्ती आहेत. तेव्हा आम्हांस अधिक कठीण प्रश्न विचारिला जाईल : तुमच्या ओठांवरचे तुमच्या घरात होते काय?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत आम्हांस नेहमी खोल वाटत आले आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडिले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे कोणावर धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. तसा शब्दच त्यांनी दिला होता. बाई आपल्या खोलीत आपली कन्या मनोरमा हिच्यासह शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्या पालकांचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. मुलीच्या मनाची काळजी कोणत्या आईबापास नसते? परंतु बाईंनी त्या वादळात दार लाविले नाही, आणि कोणास ओढून आतही घेतले नाही. पुढे दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुलींसाठी केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. त्याचा पाया आम्हांस त्या उघड्या दारात दिसतो. आरंभ आपल्या पोटच्या मुलीपासून होता, आणि लोक पाहत आहेत म्हणून प्रार्थना वाढली नाही की लोक रागावले म्हणून थांबली नाही.

यातून शेजारच्यांच्या मुलांविषयीही आमचे वर्तन कसे असावे हे कळून येते. आमच्या गाण्याला, नाताळच्या दिव्याला वाडीतील सारी मुले जमतात. त्यांस प्रेमाने बसू द्यावे. परंतु खाऊ दाखवून, आईबापांपासून लपवून, भय घालून मूल ओढू नये. आमच्या प्रभूने बालकांस जवळ घेतले ते त्यांच्या आईबापांच्या देखत. त्यांनीच तर ती आणिली होती. त्यास राग आला तो आड येणाऱ्या शिष्यांचा.

उपदेशकबंधूंनो, तुमच्यावर कामाचा भार किती असतो हे आम्ही जाणतो. चार गावे, एक सायकल किंवा तीही नाही, पावसाळ्यात ओढे भरलेले. तरी एक विनंती आहे. मुलांस धडा सांगण्यापूर्वी त्यांच्यादेखत स्वतः प्रार्थना करा. पाठ केलेली नव्हे, त्या दिवसाची. तुमची गाय आजारी असेल तर गायीसाठी करा. ज्या दिवशी तुम्हांस उत्तर येत नाही त्या दिवशी 'मला ठाऊक नाही, आपण देवाला विचारू' असे म्हणा. मुलास गुरुजीचे ज्ञान आठवत नाही. गुरुजी कोणापुढे वाकतो ते आठवते. आणि आईबापांनो, पौलाने तीमथ्याच्या विश्वासाची आठवण केली तेव्हा कोणत्या शाळेचे नाव घेतले नाही; आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतली. विश्वास आम्ही मुलांच्या हाती वाटणीच्या जमिनीप्रमाणे लिहून देऊ शकत नाही, तो देवाचे दान आहे. आमच्याकडे एवढेच आहे की, तो आमच्या घरी राहतो हे त्यांस दिसू द्यावे.

कारण मुले फार दिवस आमच्यापाशी राहावयाची नाहीत. दहावी झाली की कोणी महाडच्या कारखान्यात, कोणी एस. टी. धरून मुंबईस. तेथे शब्बाथशाळेची बक्षिसे कोणी विचारीत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ मित्रांमध्ये झोपताना मुलगा डोळे मिटून देवाशी बोलेल की नाही, हे येथे, चुलीच्या उजेडात, ठरत असते.

या भागातील एक वृद्ध माता आम्हांस ठाऊक आहे. तिला अक्षर येत नाही. सायंकाळी गुरे बांधून झाली की नातवंडांस घेऊन ती ओटीवर बसते आणि ज्या ज्या माणसाचे नाव आठवेल त्याचे नाव देवापाशी घेते. यात शेजारच्या भांडखोर भावकीची नावेही येतात, आणि त्या वेळी मुले हसतात. तिचा थोरला नातू मुंबईस आहे. परवा आम्ही तिच्याकडे असता दिवेलागणीस त्याचा मोबाइलवर फोन आला. त्याने पैशाचे विचारिले नाही, पावसाचे विचारिले नाही. 'आजे, झाली का गो प्रार्थना?' त्याने विचारिले. 'न्हाय रं अजून,' ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून ओटीवर मुलांच्या मध्ये मांडिला.