भुरी, डाऊनी आणि भाऊबंदकी

नाशिककडच्या द्राक्षबागेत भुरी आणि डाऊनी ही नावं कानावर न येता हंगाम सरत नाही. भुरी म्हणजे पानावर, मण्यावर राखेसारखी पूड. बोट फिरवलं की पुसली जाते. डाऊनीत पानावर तेलकट पिवळा डाग पडतो आणि पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी लव. दोघी धाग्यांनी वाढतात, बीजाणूंवाटे पसरतात. साहजिकच दोघींची नोंद बुरशी म्हणून झाली.

बुरशी तरी कोणाची कोण? वर्गीकरणकार लिनियसने अठराव्या शतकात तिला वनस्पतींत बसवलं. 1969 मध्ये जीवशास्त्रज्ञ व्हिटेकरने तिची वेगळी सृष्टी मांडली, कारण ती स्वतः अन्न तयार करत नाही, बाहेरच पचवून शोषून घेते. पुढे जनुकं वाचता आली तेव्हा दिसलं की तिचं जवळचं नातं झाडांशी नाही, प्राण्यांशी आहे. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. (अळंबी भाजीवाल्याकडेच मिळणार, त्याला इलाज नाही.)

या तपासात डाऊनी उघडी पडली: ती बुरशीच नव्हती. तिच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं. तिचे भाऊबंद निघाले समुद्रातली तपकिरी शेवाळं आणि डायटम ही सूक्ष्म शेवाळं. तिचे बीजाणू दोन शेपट्यांनी चक्क पोहतात, म्हणून पान ओलं राहिलं की तिचं फावतं. भुरीला कोरडी, ढगाळ हवाही पुरते.

मला खरी गंमत वाटते ती फवारणीची. गंधकाने भुरी आटोक्यात येते, डाऊनीला त्याचं काही वाटत नाही. मेटॅलॅक्झिल हे औषध डाऊनीला लागू पडतं, भुरीवर वाया जातं. पुस्तकात दोघी एकाच कप्प्यात नांदत होत्या तेव्हाही बागायतदाराच्या टाकीत त्यांचा सवतासुभा होता. वर्गीकरण म्हणजे नावांची आरास नव्हे. अमका तमक्याचा नातलग आहे असा तो दावा असतो, आणि दावा म्हटला की तो कोसळूही शकतो. धाग्यांनी वाढायची रीत या दोघींच्या कुळांनी आपापली, वेगवेगळी कमावली होती. दिसण्यावर भिस्त ठेवणारे तिथेच फसले.

मेटॅलॅक्झिलच्या पुड्यावर आजही ‘बुरशीनाशक’ असंच छापलेलं असतं. ते बदलायची कुणाला घाई नाही. बागायतदार पुडा फिरवून कोणतं पीक, कोणता रोग, किती मात्रा, एवढंच बघतो.