लेंकरांचा धीर आणि वडिलांचा शब्द

(वाचावयाचा भाग: उत्पत्ति, अध्याय २९ ते ३१)



मुलें हातांत पैसा येतांच उडवितात, त्यांस धीर म्हणून नाहीं, अशी तक्रार आम्ही घरोघर ऐकतों. मग आपण त्यांस मुंगीचें उदाहरण सांगतों आणि काटकसरीचा उपदेश करितों. तो उपदेश योग्यच आहे. परंतु आज आम्ही मुलांशीं नव्हे, तर आईबापांशीं बोलूं इच्छितों.

याकोबानें राहेलीसाठीं सात वर्षें आपला मामा लाबान याची चाकरी केली, आणि प्रीतीमुळें तीं वर्षें त्यास थोड्या दिवसांसारखीं वाटलीं. त्या धीरास प्रीतीचा आधार होता, तसाच मामाच्या शब्दाचाही होता. मुदत भरल्यावर मामानें राहेलीऐवजीं लेआ दिली, आणि पुढें त्याचें वेतनही वारंवार बदललें. मग तोच याकोब कळपाच्या बाबतींत युक्त्या लढवूं लागला, आणि शेवटीं मामास न सांगतां निघून गेला. जेथें मोठ्यांचा शब्द फिरतो तेथें लहानांचा धीर सुटतो.

अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग हेंच दाखवितो. तीन ते पांच वर्षांच्या २८ मुलांस चित्रकामाचें अधिक चांगलें साहित्य आणून देण्याचें वचन दिलें गेलें. १४ जणांस तें मिळालें. बाकीच्या १४ जणांस 'तें नाहीं' असें सांगण्यांत आलें. नंतर प्रत्येकापुढें एक मिठाई ठेवून, पंधरा मिनिटें न खातां थांबल्यास दुसरीही मिळेल असें सांगितलें. ज्यांस दिलेलें वचन पाळलें गेलें होतें त्यांपैकीं ९ मुलें शेवटपर्यंत थांबलीं. ज्यांचें मोडलें होतें त्यांपैकीं फक्त एक.

प्रयोग लहान होता. पण त्याची साक्ष आमच्या घरानेंही दिली आहे. आमचा मुलगा रंगपेटीसाठीं मातीच्या गल्ल्यांत नाणीं टाकीत असे. एकदां अचानक पाहुणे आले, घरांत पैसा नव्हता. आम्हीं गल्ला फोडला आणि पगार होतांच भरून देऊं असें म्हटलें. पगार आला आणि गेला, आम्ही विसरलों. पुढें नाताळांत आजीनें दिलेले वीस रुपये घेऊन तो तडक दुकानांत गेला, तेव्हां आम्ही त्याच्यावर रागावलों. तो हळूच म्हणाला, "बाबा, गल्ल्यांत टाकलेले कुठें राहतात?" त्या रविवारीं उपदेशास उभे राहतांना आमचे पाय जड झाले. उपासनेहून परत येतांच आम्हीं त्याचे पैसे मोजून त्याच्या हातांत ठेविले आणि त्याची क्षमा मागितली.

म्हणून आमची विनंति अशी कीं, मुलाचा पैसा मुलाचाच समजा. मुलीची शिल्लक भावाच्या फीसाठीं तिला न विचारतां घेऊं नका. अडचणींत घ्यावीच लागली तर मागून घ्या, परत देण्याचा दिवस सांगा, आणि त्या दिवशीं द्या. जें देतां येणार नाहीं तें कबूल करूं नका. पाऊस न पडल्यानें शब्द पाळणें अशक्य झालें तर लेंकरास जवळ बसवून खरें कारण सांगा. दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलास पोस्टांत स्वतःच्या नांवानें बचत खातें उघडतां येतें. तें पुस्तक त्याच्याच हातीं असूं द्या. दानपेटींत टाकावयाचें नाणेंही त्यास त्याच्याच पैशांतून काढूं द्या.

आपला स्वर्गीय पिता आपणांस थांबावयास सांगतो, आणि आपण थांबतों. कारण तो वचन मोडीत नाहीं हें आपण जाणतों. पित्याच्या शब्दावर भरंवसा ठेवणें म्हणजे काय, हें लेंकरूं प्रथम घरींच शिकतें. तो धडा आपल्या वागणुकीनें देण्यास प्रभु आम्हां सर्वांस साहाय्य करो. आमेन.