तीच सायकल की दुसरी?

एखाद्या वस्तूचा जुना भाग काढून नवा बसविला, पुढे दुसरा बदलला, मग तिसरा, तर ती वस्तू तीच राहते की दुसरीच होते? प्रश्न पोरकट वाटेल, पण तो फार जुना आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने थिसिअसच्या जहाजाची हकिगत लिहून ठेवली आहे. अथेन्सच्या लोकांनी आपल्या या वीराचे जहाज स्मारक म्हणून जपले. फळी कुजली की ती काढून नवी बसवीत. तेव्हा तत्त्ववेत्त्यांत दोन तट पडले; कोणी म्हणे जहाज तेच, कोणी म्हणे नव्हे. सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत हॉब्स याने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी सांभाळून ठेवल्या आणि त्या जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते?

हा पेच ग्रंथातच राहिला असता तर आम्ही तो येथे मांडला नसता. पण गेल्या वर्षी तो आमच्या घरात आला. इमारतीचा मिक्लात साफ करताना मोडक्या पलंगामागे एक माउंटन बाईक सापडली. ती आमच्या सौ.च्या धाकट्या भावाची. त्यांनी ती १९९४ साली घेतली होती, आणि शुक्रवारी सकाळी तिच्यावर बसून ते बेन शेमेनच्या रानात फिरून येत. सहा वर्षांपूर्वी ते वारले. टायरांना भेगा गेल्या होत्या, चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती, ब्रेकच्या केबली अडकून बसल्या होत्या आणि हँडलच्या मुठींचे रबर चिकट झाले होते. फ्रेम मात्र पोलादाची व शाबूत होती. नातू म्हणाला, "आजोबा, मला द्या, मी चालवीन." सौ. म्हणाल्या, "आहे तशी राहू दे. त्या मुठींवर माझ्या भावाचा हात होता."

दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच निवाडा कठीण होता.

सौ.ची भीती अनाठायी होती असे नाही. सायकलीत एक बदलले की दुसरे बदलावे लागते. चेनचेच पाहा. तिच्या दोन खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच असते. अशा चोवीस अंतरांची लांबी बरोबर बारा इंच भरली पाहिजे. ती अष्टमांश इंचाने वाढली की समजावे, झिजलेल्या चेनने फ्रीव्हीलचे दातेही झिजविले. अशा दात्यांवर नवी चेन चढविली तर ती जोर देताच घसरते. चेन आणि दाते बरोबरच झिजतात, आणि बरोबरच बदलावे लागतात. मग हे बदलणे थांबायचे कोठे?

येथे माउंटन बाईकचा जन्म कसा झाला हे आठवणे उपयोगी पडेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, १९७० नंतरच्या दशकात, काही तरुणांनी १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या जाड टायरांच्या, टाकून दिलेल्या जड सायकली उचलल्या. त्यांना गिअर लावले, मोटारसायकलीच्या ब्रेकचे दांडे बसविले, आणि डोंगरावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार! मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस उष्णतेने जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीला 'रिपॅक' हेच नाव पडले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी सायकल बांधली, आणि १९८१ साली कारखान्यातून मोठ्या संख्येने निघणारी 'स्टम्पजंपर' बाजारात आली. म्हणजे माउंटन बाईक ही मुळात अडगळीतून उचललेल्या सायकलींचीच लेक. त्या जुन्या सायकली कोणी आदराने भिंतीला टेकवून ठेवल्या असत्या, तर ही जातच जन्मली नसती.

आमचा विचार असा. वस्तूत दोन प्रकारचे भाग असतात. टायर, चेन, केबल, ब्रेकचे रबर हे झिजण्यासाठीच केलेले असतात. ते झिजले म्हणजे त्यांनी आपले काम केले. फ्रेम ही भार वाहण्यासाठी असते. झिजायचे ते बदलावे, भार वाहते ते राखावे. असे केल्यास वस्तूचा वंश तुटत नाही. उलट 'आहे तशी' ठेवलेली वस्तू आहे तशी राहतच नाही. रबर तडकते, पोलादाला गंज धरतो. हात न लावणे म्हणजे जपणे नव्हे. ते सावकाश टाकून देणेच आहे.

नातवाने सायकलवाल्याच्या मदतीने तीन आठवड्यांत काम पुरे केले. मुठी सर्वांत शेवटी बदलल्या, आणि त्या सौ.नी स्वतः काढल्या. त्या जुन्या मुठी व चेन आज बिस्किटांच्या डब्यात आहेत. हॉब्सचा पेच आमच्या कपाटात येऊन बसला! खरी सायकल डब्यात की रस्त्यावर? आम्ही म्हणतो, सायकल रस्त्यावर आहे. डब्यात आहे तो शोक. शोकालाही घरात जागा हवी. मात्र त्याने चालत्या वस्तूची वाट अडवू नये.

पण चालविणाऱ्यावरही एक ऋण येते. मुंबईत आमच्या लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. घेतली ती परत करायची आहे याचे भान असे. वारशाने आलेल्या वस्तूचेही भाडे असते. ती कोणाची होती, तो माणूस कसा होता, हे विचारून घेणे व पुढे सांगणे, हेच ते भाडे. ते चुकविले नाही तर सर्व भाग जुने असूनही सायकल परकी होते. ते चुकविले तर नव्या मुठींसकट ती तीच राहते.

वाचकहो, आपल्याही इमारतीच्या मिक्लातात अशी एखादी सायकल उभी असेल. तिची फ्रेम तपासा. जोडांजवळ तडा नसेल, तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी घरातल्या एखाद्या मुलाला दाखवा. आणि ती मुळात कोणाची, हे त्याला आधी सांगा.