मोकळा वेळ ही देखील अमानतच

कोकणात महाड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत अशी घरे आता पुष्कळ झाली आहेत. एक मुलगा आखातात, दुसरा मुंबईत किंवा पुण्यात, मुलगी सासरी. आणि चार खोल्यांच्या घरात दोन वयस्क माणसे. सोलापूर-लातूरकडेही चित्र फारसे वेगळे नाही. या घरांतून एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘मुलांचे झाले, आता आमचे काय उरले आहे?’ बोलणाऱ्याच्या मनात तक्रार असतेच असे नाही, काही वेळा कृतज्ञताही असते. तरीही श्रद्धावंताने या वाक्यापाशी थांबले पाहिजे, कारण त्यात जीवनाच्या उद्दिष्टाविषयीचा एक निर्णय दडलेला आहे. मुले हेच जर जीवनाचे प्रयोजन असेल, तर ती घराबाहेर पडल्यावर प्रयोजन संपणे ओघानेच आले. पण ते प्रयोजन होते काय?

दिव्य कुरआनच्या सूरह कहफमध्ये (आयत 46) संपत्ती आणि संतती यांना ऐहिक जीवनाची शोभा म्हटले आहे, आणि टिकून राहणारी सत्कृत्ये अल्लाहपाशी त्याहून श्रेष्ठ ठरविली आहेत. येथे शोभेचा तिरस्कार नाही. उलट, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना समजाविले होते की, अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचा मोबदला मिळतो, पत्नीच्या मुखात घातलेल्या घासाचाही. म्हणजे आजारी लेकराच्या उशाशी जागलेल्या मातेच्या रात्री इबादतीत गणल्या जाऊ शकतात. मग मुले गेल्यावर इबादत संपत नाही, तिचे एक रूप संपते. सूरह शर्हच्या सातव्या आयतीत प्रेषितांना (स.) सांगितले गेले की, एका कामातून मोकळे होताच पुढच्या परिश्रमाला उभे राहावे. भाष्यकारांनी याचा अर्थ मुख्यतः इबादतीच्या संदर्भात लावला आहे. पण ‘मोकळे होणे’ म्हणजे थांबणे नव्हे, एवढे तर त्यातून निश्चित कळते. आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांच्या बाबतीत बहुतेक लोक तोट्यात राहतात, ही हदीस आपण तरुणांना ऐकवतो. तिचे खरे श्रोते निवृत्त माणसे आहेत.

येथवर फारसा मतभेद होणार नाही. अडचण पुढे आहे. घर खायला उठते म्हणून एखादी स्त्री समाजसेवेला बाहेर पडली, तर ती सेवा अल्लाहसाठी झाली की स्वतःचे मन रमविण्यासाठी? कर्मांचा आधार संकल्पावर आहे, हे तर आपण सारेच जाणतो. सूरह दहरमध्ये गरीब, अनाथ व कैदी यांना जेवू घालणाऱ्यांचे वर्णन आहे. त्यांना मोबदला नको असतो, आभारही नको असतात. मग मनाची पोकळी भरून निघावी ही अपेक्षादेखील एक मोबदलाच नव्हे काय?

आमच्या मते, वेदनेने दारापर्यंत आणले म्हणून पाऊल अशुद्ध होत नाही. तहान लागल्यावरच माणूस विहिरीकडे वळतो. संकल्प ही एकदाच करून ठेवण्याची गोष्ट नसून ती रोज सावरावी लागते, आणि पुष्कळांचा संकल्प काम करता करताच शुद्ध होत जातो. खरा धोका दुसरीकडे आहे. पंचवीस-तीस वर्षे घरात आपला शब्द चाललेला असतो. तीच सवय घेऊन माणूस गरजूंपुढे जातो आणि नकळत त्यांना मुलांच्या जागी बसवितो. मग विधवेने शिलाई यंत्राचे काय करावे, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाने कोणती शाखा घ्यावी, हे हाच ठरवू लागतो. ऐकले नाही तर ‘आम्ही इतके केले’ हे वाक्य तयारच असते. सूरह बकराच्या 264 व्या आयतीत उपकार बोलून दाखविणे व मन दुखविणे यांमुळे दान वाया जाते, असा स्पष्ट इशारा आहे. गरजू मनुष्य आपल्या रिकाम्या खोलीतील नवा रहिवासी नाही. त्याला स्वतःचे घर, स्वतःचे मत आणि नकार देण्याचा अधिकार आहे. तो आभार न मानता निघून गेला आणि पुढच्या आठवड्यातही आपण तेथेच हजर असलो, तर आपला संकल्प कोठे आहे ते आपोआप कळते.

दुसरी कसोटी घरातच आहे. ह. सलमान फारसी (रजि.) आपले बंधू ह. अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांची पत्नी उदास व अस्ताव्यस्त दिसली, पती दिवसा रोजे व रात्री नमाज यांतच मग्न असत. शरीराचा आणि कुटुंबाचाही हक्क आहे, असे ह. सलमान (रजि.) यांनी बजावले आणि प्रेषितांनी (स.) त्याला दुजोरा दिला. आपल्याकडे निवृत्त गृहस्थ मस्जिद कमिटीच्या बैठकांत दिवस घालवितात आणि पत्नी भिंतींशी बोलत बसते. (कमिटीची निवडणूक लढविणे ही समाजसेवा आहे की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) मुले गेल्यानंतर उरलेल्या जोडीदाराचा हक्क वाढतो, कमी होत नाही.

मग काम कोणते? बहुधा तेच, ज्याला कोणी पुढे येत नाही. मस्जिद झाडणाऱ्या एका स्त्रीचे निधन झाले आणि लोकांनी क्षुल्लक बाब समजून प्रेषितांना (स.) न कळविता तिचे दफन केले, त्यांनी चौकशी करून तिची कबर गाठली आणि तेथे जनाज्याची नमाज अदा केली. आज आपल्या मोहल्ल्यांत अशीच एक दुर्लक्षित सेवा आहे : स्त्रियांच्या मय्यतीला गुस्ल देणे. हे फर्ज-ए-किफाया, पण कित्येक ठिकाणी ते जाणणाऱ्या एक-दोन वृद्ध स्त्रियाच उरल्या आहेत. त्या आजारी पडल्या की ऐन वेळी धावाधाव होते.

या कामाला फार मोठी परंपरा आहे. ह. उम्मे अतिय्या (रजि.) सात मोहिमांत प्रेषितांसोबत (स.) गेल्या, मागे सामान सांभाळणे, स्वयंपाक करणे, जखमींची शुश्रूषा ही त्यांची कामे होती. प्रेषितांच्या कन्येच्या गुस्लमध्येही त्या होत्या. बोरीच्या पानांच्या पाण्याने तीन, पाच किंवा गरजेप्रमाणे अधिक वेळा, विषम संख्येत धुवावे, शेवटी कापूर घालावा, उजव्या बाजूने प्रारंभ करावा, हे तपशील त्यांच्याच कथनाने आपल्यापर्यंत आले. पुढे बसरा येथे हफ्सा बिन्त सीरीन व त्यांचे बंधू मुहम्मद बिन सीरीन यांनी ही पद्धत त्यांच्याकडून ग्रहण केली. साठीच्या आसपासची स्त्री हे काम महिनाभरात शिकू शकते. मृत्यू जवळून पाहिलेली, हात न थरथरणारी, मय्यतीची झाकलेली गोष्ट झाकूनच ठेवणारी व्यक्ती त्यासाठी हवी असते; हे गुण विशीत क्वचितच असतात. दोन तरुण मुलींना सोबत घेऊन शिकविले, तर मोहल्ल्याची चिंता पुढील तीस वर्षांसाठी मिटते.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निराधार अनुदानाचे अर्ज भरून द्यावेत, सरकारी रुग्णालयात एकट्या आलेल्या रुग्णासोबत रांगेत उभे राहावे, शेजारच्या मुलांचे गणित पाहावे. मग ते शेजारी कोणत्याही धर्माचे असोत. आठवड्यातून एक दुपार पुरे, पण ती चुकवू नये. अल्पसे का होईना, नियमित केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, असे ह. आयेशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. त्या दुपारी परदेशातून मुलाचा फोन आलाच, तर त्याला सांगावे : ‘असरनंतर कर बाळा, अम्मी आत्ता कामावर आहे.’