विकत घेतलेला वेग

अधिक पैसे मोजले असतां अधिक चांगली वस्तु मिळते, हा बाजाराचा नियम सर्वमान्य आहे. परंतु पैसे मोजून अधिक वेग घेतला, तर तो वेग कोणाचा म्हणावयाचा, असा प्रश्न नुकताच आमच्यापुढें आला.

आमच्या आप्तवर्गांतील एक तरुण शर्यतीची सायकल घेण्याच्या विचारांत आहे. दोन सायकली त्याच्या मनांत भरल्या आहेत. एकीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, दुसरीची कार्बनची. दुसरी २ किलोंनीं हलकी, परंतु किंमतीनें दुपटीहून अधिक. वाढीव रक्कम हप्त्यांनीं फेडावी लागेल, आणि घरांत धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च चालू आहे. म्हणून त्यानें आमचें मत विचारलें.

प्रथम हिशेब पाहूं. स्वार ७० किलोंचा व सायकल १० किलोंची धरल्यास चढावर ८० किलो भार न्यावयाचा असतो. त्यांतून २ किलो गेले, म्हणजे अडीच टक्के भार कमी झाला. उभ्या घाटांत वेळही साधारण त्याच प्रमाणांत वांचतो. तासाभराच्या चढणीस सुमारें दीड मिनिट. सपाट रस्त्यावर तेवढाही लाभ नाहीं. तेथें मुख्य विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्याचा मोठा वांटा सायकलीमुळें नव्हे, तर स्वाराच्या शरीरामुळें उत्पन्न होतो.

तथापि यंत्राचें माहात्म्य नाकारतां येत नाहीं. ख्रिस बोर्डमन ह्या ब्रिटिश सायकलपटूनें १९९६ सालीं एका तासांत ५६.३७५ किलोमीटर अंतर तोडलें. पुढें जुन्या धर्तीची सायकल व बैठक ह्यांचा नियम झाल्यावर त्याच पुरुषानें २००० सालीं ४९.४४१ किलोमीटर गांठले. एडी मर्क्सच्या १९७२ सालच्या विक्रमाहून अवघे १० मीटर अधिक. वयाचा फरक जमेस धरला तरी मधल्या ७ किलोमीटरांचें श्रेय बव्हंशीं यंत्रास व बैठकीस द्यावें लागतें.

मग विकतचा वेग आपला नव्हे, असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. स्वस्त सायकलही विकतचीच असते. आणि सुरेल तंबोरा घेतला म्हणून गवयास कोणी दोष देत नाहीं. शर्यतींत उतरणाऱ्यास दीड मिनिट म्हणजे सर्वस्व असूं शकेल. परंतु ज्याची स्पर्धा केवळ कालच्या स्वतःशीं आहे, त्यानें यंत्र बदलून वेळ कमी केला, तर स्वतःस मोजण्याचें मापच त्यानें बदललें. आपण वाढलों कीं नाहीं, हें त्यास त्या मापानें कळणार नाहीं.

उरला आनंद. उत्तम वस्तु हाताळण्याचा आनंद खोटा नव्हे. मात्र त्याची एक परीक्षा आहे: पाहणारें कोणी नसतां, मनगटावर घड्याळ नसतां तीच सायकल हवीशी वाटेल काय? वाटेल, तर ती आवड खरी. पण खरी आवडही स्वतःच्या शिलकेंतून पुरवावी. घरांतील दुसऱ्याच्या वाट्यांतून पुरविलेला आनंद पहिल्या हप्त्यालाच कडवट होतो. अंगास बरोबर बसणारी फ्रेम व भरंवशाचे ब्रेक ह्यांत मात्र काटकसर नको.

हें सर्व आम्ही त्यास सांगितलें. तो हंसला, पण उत्तर दिलें नाहीं. सध्यां तो जुन्याच सायकलीवर पहांटे घाट चढतो. निर्णय त्यानें तेथेंच करावा, हें बरें.