दान की देणे?

वृद्ध मिशनऱ्यांस व त्यांच्या कुटुंबांस जे साहाय्य दिले जाते त्यास दान म्हणावे की देणे? रुपये दोहोंत तेच असतील. परंतु दान घेणाऱ्याची मान खाली जाते, आणि आपले येणे घेणाऱ्याची जात नाही. म्हणून हा केवळ शब्दांचा वाद आहे असे आम्हांस वाटत नाही.

कित्येक बंधू म्हणतात की, ज्याने सर्व सोडून प्रभूची सेवा पत्करिली त्याने म्हातारपणाची चिंता का करावी? देव पुरवील. देव पुरवितो हे खरेच. पण तो बहुधा माणसांच्या हातांनी पुरवितो. भरवसा ठेवणे हा मिशनऱ्याचा सद्गुण होय. त्या भरवशाच्या आड आपली थैली लपविणे हा मंडळीचा सद्गुण कसा होईल? लेव्यांनी पन्नासाव्या वर्षी कष्टाच्या सेवेतून मोकळे व्हावे, असे गणनेच्या आठव्या अध्यायात आहे. पण त्यांस घालवून द्यावे असे तेथे नाही. शेतकरीही थकलेल्या बैलास दावणीवर वैरण घालतो व त्यास धर्मादाय म्हणत नाही. (बैलाची उपमा पौलानेही दिली आहे, कोणी रागावू नये.)

गॉर्डन हॉल यांस मुंबईस पाठविणाऱ्या अमेरिकन बोर्डानेच ऑगस्टस वॉकर यांस तुर्कस्तानात दियारबेकिर येथे पाठविले होते. तेथे 1866 साली ते पटकीने वारले. त्यांच्या पत्नी एलायझाबाई मुलांसह अमेरिकेस परतल्या, आणि पुढे ऑबर्नडेल येथील आपले घर त्यांनी परदेशी असलेल्या मिशनऱ्यांच्या मुलांस उघडे केले. त्यांचा गौरव करावा तितका थोडाच. तथापि जिला इतरांनी आधार द्यावयाचा तिनेच इतरांचा भार वाहिला, हे वाचून आम्हांस संकोचही वाटतो. मिशनऱ्याची पत्नी मुली शिकवी, औषध देई, आणि पगाराच्या वहीत नाव मात्र पतीचे असे. मग वैधव्यात तिला मिळते ते तिचीच जुनी मजुरी नव्हे काय?

स्कॉटलंडातील पाळकांनी हे ओळखिले होते. 1744 साली तेथे कायद्याने विधवानिधी स्थापन झाला. पाळक प्रतिवर्षी त्यात ठराविक रक्कम भरीत, आणि विधवेस वार्षिक नेमणूक हक्काने मिळे.

आता, हे जर देणे असेल, तर ते कातडीचा रंग पाहून फेडावयाचे नसते. मिशनच्या घरात संसार केलेल्या उपदेशकाच्या विधवेस पतीमागे ते घरही सोडावे लागते. सुगीच्या उपकारस्तुतीस मंडळीत जे धान्य येते, त्यातील पायली तिच्या दारी पोहोचते काय, आणि कोणत्या नावाने पोहोचते, हे गावोगावच्या पंचांनी यंदा पाहावे.